दुखणं रुपयात किती आणे?

जुनाट दुखणं म्हणजे तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं दुखणं, अशी पुस्तकातली व्याख्या आहे. आता आमच्याकडच्या एका आजीला विचारलं, कंबर कधीपासून धरलीय, तर म्हणल्या, "बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडली माय, तवापासून." फॉर्मवर पर्याय काय, तर ३ ते ६ महिने, ६ ते १२ महिने, एक वर्षापेक्षा जास्त. लावा शेवटची टिक आणि चला पुढं.

मी फिजिओथेरपिस्ट, लातूर भागात काम करते. सध्या म्हाताऱ्या माणसांसाठी दुखण्याची एक प्रश्नावली आपल्याकडच्या मराठीत बसवायचा खटाटोप चाललाय. मूळ प्रश्नावली अमेरिकेतली, जेरियाट्रिक पेन मेझर, ब्रूस फेरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेली, २४ प्रश्न, त्यातले २२ हो-नाहीचे आणि दोन शून्य ते दहाचे. तिची तुर्की आवृत्तीही झालीय, आणि तुर्की म्हाताऱ्यांसाठी हे काम कसं करतात ते वाचता वाचता मी भलतीकडंच पोचले, म्हणजे जर्मनीत.

झालं असं की १९६१ साली पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले. खाणी, कारखाने, साफसफाई, सगळी अंगमेहनत. काही वर्षांनी परत जातील असं धरलेलं, पण लई जण तिथंच राहिले, म्हातारे झाले, आणि दवाखान्यात जाऊन सांगायला लागले की सगळंच अंग दुखतंय. तर तिथल्या काही डॉक्टरांनी ह्याला टिंगलीचं नावच पाडलं होतं, मोर्बस बॉस्पोरस, म्हणजे बॉस्पोरसचा आजार (बॉस्पोरस ही तुर्कस्तानातल्या इस्तंबूलची सामुद्रधुनी). जणू दुखणं खरं नाहीच, ही माणसंच तशी.

वाचून मला राग आला आणि लगेच आपलीच ओपीडी आठवली. "पायाच्या नखापासून डोक्याच्या केसापर्यंत दुखूलालंय" असं कुणी म्हणलं की अर्धा स्टाफ एकमेकांकडं बघून हसतो. पुढं बी कॉम्प्लेक्स, कॅल्शियम, दुखण्याची गोळी, नेक्स्ट. अरे पण चाळीस वर्षं ऊस तोडलेल्या, मोळ्या डोक्यावर वाहिलेल्या बाईचं सगळं अंग नाही दुखणार तर काय दुखणार? प्रश्नावलीत "कुठे दुखतं" ह्याला "सगळीकडं" हे उत्तर चालायलाच पाहिजे आणि त्याचा पुढचा प्रश्न "त्यातल्या त्यात जास्त कुठं" हा असला पाहिजे, हे माझं ठाम मत.

असल्या कामाची ठरलेली पद्धत आहे. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, जुळवायचं, मग मूळ न बघितलेल्यांनी ते उलट इंग्रजीत न्यायचं, जाणकारांनी बसून तपासायचं, आणि शेवटी तीस-चाळीस पेशंटवर वापरून बघायचं. पद्धत चांगलीच आहे. आणि शब्दांची मला फार काळजी नाही, ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या, ढीगभर पडलेत आपल्याकडं. घोडं अडतं ते आकड्यावर आणि रोजच्या जगण्यावर.

शून्य ते दहा घ्या. "शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन न होणारं, तुमचं किती?" समोरचे आबा, शाळेचं तोंड न बघितलेले, माझ्याकडंच बघत बसले, मग म्हणले, "तुमीच टाका की मॅडम काय ते." गोळीनं किती फरक पडला विचारलं तर मात्र फाडकन उत्तर, "रुपयात चार आणे." हे कुणी शिकवावं लागत नाही. आणे बंद होऊन जमाना झाला पण दुखणं अजून आण्यातच मोजतात, आणि आबांना बारा आणे आणि चौदा आणे ह्यातला फरक नीट कळतो. चेहऱ्यांची पट्टी पण दाखवून बघितली, हसरा ते रडका, तर आबा म्हणले, "आमी रडत नसतो." विषयच संपला!

म्हणून आता मी आधी आण्यात विचारते, आणि नंतर शून्य ते दहा पण विचारते, दोन्ही लिहून ठेवते. नुसते आणे ठेवले तर दुसरीकडच्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही, आणि सोळाचे सरळ दहा करून टाकले तर ती धूळफेक होईल. दोन्ही जुळतात का ते तपासल्याशिवाय मी कुणाला वापरा म्हणणार नाही.

"गेल्या सात दिवसांत" हा पण असाच प्रकार. आम्ही विचारतो "मागच्या बाजारापासून आजपर्यंत", बाजारादिवशीच विचारलं तर बरोब्बर सात दिवस, आणि बाजारादिवशी चालत गेलो की जीपनं, हे पक्कं लक्षात असतं.

कामांचे प्रश्न तर विचारूच नका. एसएफ-३६ ही तब्येतीची जगभर चालणारी प्रश्नावली, त्यात मध्यम कष्टाचं काम म्हणून टेबल हलवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं आणि गोल्फ खेळणं दिलंय. निलंग्यात गोल्फ! आमच्या यादीत उकिडवं बसून उठणं, चुलीपुढं बसणं, हंडा उचलणं, एसटीची पायरी चढणं, मांडी घालून जेवणं. एसटीच्या पायरीवर गुडघ्याचं सगळं खरं बाहेर येतं, तपासणीच्या टेबलावर नाही.

आणि सोबत कोण बसलंय हे फॉर्मवर लिहायची सोय कुठंच नसते. लेक शेजारी असला की आजी म्हणतात, काही नाही, थोडंसं दुखतंय. कारण एमआरआयचा खर्च त्याच्या डोक्यावर. सून असली तर कधी कधी उलटं, जरा जास्तच! मी लेकाला "केसपेपर काढून आणा" म्हणून बाहेर पाठवते आणि तोच प्रश्न परत विचारते. चार आण्याचे दहा आणे होतात बघा.

आता पुढचा पेच दखनी, म्हणजे इकडच्या मुसलमान घरांतली दख्खनी उर्दू, बोलणाऱ्या आज्यांचा. उदगीर, औसा इकडं पुष्कळ जणी आहेत, त्यांना मराठी कळतं पण दुखणं सांगतात दखनीतच. त्यांच्यासाठी वेगळी प्रत करावी लागणार, आणि तिच्यात नमाजाचा प्रश्न घालायचा, सजद्यातून, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवून, उठताना गुडघा दुखतो का, की आता खुर्चीवर बसून पढता. मांडी घालून जेवण्याचा प्रश्न तिथं पण तसाच राहील, दस्तरखान काय आणि पंगत काय, बसायचं खालीच.