बंब कधी पेटवायचा?

चरईतल्या आमच्या घरी रात्रीचे दहा वाजलेत. पंखा पाचवर आहे, खिडक्या सताड उघड्या आहेत, तरी मानेवरून घाम ओघळतोय. पाऊस परतून आठवडा झाला. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ आहे आणि त्यातून दिवसभर असं ऊन पडतं की दुपारी तलावपाळीच्या कठड्यावर हात टेकवत नाही. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी तीन आठवडे ठाण्यात आले आहे. फोनच्या पडद्यावर, साडेतीन तास मागे, जर्मनीत लाइपझिगच्या आमच्या स्वयंपाकघरात नवरा स्वेटर घालून उभा आहे आणि विचारतोय, "काय करू? लावू का आज?"

हीटिंगबद्दल विचारतोय. दर ऑक्टोबरात आमच्या घरात हा प्रश्न येतो, आणि इकडच्या माणसांना तो एवढा का चघळायचा ते कळत नाही. थंडी वाजली की लावायचं, त्यात विचार कसला? मलाही सुरुवातीला असंच वाटायचं. आता तेरा हिवाळे काढल्यावर यावर मला खरंच काही सांगायचं आहे.

आधी ते यंत्र कसं चालतं ते सांगते, कारण ठाण्याहून येणारा प्रत्येक पाहुणा तिथेच चुकतो. आमची इमारत शंभर वर्षांहून जुनी, जाड विटांच्या भिंतींची, उंच छताची. तळघरात गॅसवर चालणारा एक मोठा बॉयलर आहे. तो पाणी तापवतो, पाइपांतून ते सगळ्या मजल्यांवर फिरतं आणि प्रत्येक खोलीत खिडकीखाली बसवलेल्या लोखंडी रेडिएटरमधून खोली गरम करून परत खाली जातं. आई पहिल्यांदा आली तेव्हा हे ऐकून म्हणाली, "म्हणजे बंबच की!" तिच्या माहेरी तांब्याचा बंब होता. नरकचतुर्दशीला पहाटे चारला तो पेटवायचं काम तिचं. तेव्हापासून आमच्या घरात हीटिंगला बंब हेच नाव पडलं. लेकसुद्धा जर्मन शब्द सोडून बंबच म्हणते.

तर त्या रेडिएटरला एक गोल मूठ असते, तिच्यावर एक ते पाच आकडे. आपल्याला सवय पंख्याच्या रेग्युलेटरची. पाच म्हणजे जोरात, एक म्हणजे हळू. म्हणून कुडकुडलेला पाहुणा थेट पाचवर फिरवतो. पण तो आकडा वेगाचा नसतो, कुठे पोचायचं त्याचा असतो. तीन म्हणजे साधारण 20 अंश, दोन म्हणजे 16, चार म्हणजे 24. खोली तेवढी तापली की मूठ आपोआप पाणी अडवते. पाचवर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त 28 अंशांकडे चालत राहते, आणि तासाभराने कोणीतरी खिडकी उघडतं. पैसे असे खिडकीतून बाहेर जातात.

मूठ फिरवणं आपल्या हातात, पण बंब पेटवणं घरमालकाच्या. जर्मनीत साधारण 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल हा हीटिंगचा मोसम धरतात. कायद्यात अशी तारीख नाही, ती वहिवाट आहे आणि बहुतेक भाडेकरारांत ती लिहिलेली असते. त्या काळात दिवसा राहत्या खोल्या 20 ते 22 अंशांपर्यंत तापतील एवढी व्यवस्था मालकाने करायची, हे तिथल्या न्यायालयांच्या निकालांतून रूढ झालंय. बॉयलरचा एक डोळा बाहेरच्या भिंतीवर असतो. बाहेरचं तापमान ठरलेल्या आकड्याखाली गेलं की तो जागा होतो. जुन्या घरांसाठी हा आकडा 15 अंशांच्या आसपास धरतात, नव्या, नीट बंदिस्त केलेल्या घरांसाठी त्याहून कमी.

मग ठरवायचं काय उरलं? पैसा उरला.

बिल वापरावर येतं, पण सगळं नाही. खर्चाचा 50 ते 70 टक्के भाग ज्याच्या त्याच्या वापरावर लावायचा आणि उरलेला घराच्या क्षेत्रफळावर, असा नियम आहे. आणि हिशेब येतो तो वर्ष संपल्यावर, बारा महिन्यांच्या आत कधीही. म्हणजे आज मूठ फिरवताना तिची किंमत कळत नाही, ती पुढच्या वर्षीच्या पाकिटात येते. एक अंश कमी ठेवलं तर सुमारे 6 टक्के इंधन वाचतं, हे वाक्य तिथे लहान मुलांनासुद्धा पाठ असतं. म्हणून सप्टेंबर संपला की आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सुरू होतं, "तुम्ही लावलं का?" "छे, आम्ही अजून नाही!" काटकसर आपल्या रक्तात आहे. खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद न करणाऱ्याला आमच्या बाबांनी कधी सोडलं नाही. पण काटकसरीची चढाओढ झाली की ती घरातल्या कोणाच्या तरी अंगावर निघते. हे मला 2022 मध्ये कळलं.

त्या वर्षी फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत जर्मनी जो गॅस आयात करत होता त्यातला निम्म्याहून जास्त रशियाचा होता. ऑगस्टअखेर समुद्राखालच्या पाइपलाइनमधून येणारा गॅस थांबला. भाव कुठल्या कुठे गेले. सरकारी कार्यालयांत 19 अंशांच्या वर तापवायचं नाही असा हुकूम निघाला. आपणही काही केलं पाहिजे असं आम्हाला मनापासून वाटलं. मी आणि नवऱ्याने ठरवलं, 1 नोव्हेंबरपर्यंत मुठीला हात लावायचा नाही. ऑक्टोबर त्या वर्षी नेहमीपेक्षा बराच उबदार गेला, त्यामुळे ते सोपं झालं, आणि आम्ही उत्साहाने मुदत वाढवून 1 डिसेंबर केली.

आई-बाबा तेव्हा आमच्याकडे होते, करोनानंतर पहिल्यांदाच. त्यांची खोली उत्तरेची. रोज सकाळी मी विचारायचे, "थंडी नाही ना वाजली?" रोज आई म्हणायची, "नाही गं, गोधडी आहे की." बाबा म्हणायचे, "मस्त हवा आहे, महाबळेश्वरसारखी."

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात खरी थंडी उतरली. एका रात्री दोन वाजता मला जाग आली. स्वयंपाकघरात दिवा होता. आई शाल, स्वेटर, दोन मोजे अशा अवतारात शेगडीजवळ बसली होती. दूध तापवलं होतं, पीत नव्हती. पातेल्याभोवती दोन्ही हात धरून बसली होती. पुढे कळलं की आम्ही झोपल्यावर ती रोज रात्री गरम पाण्याची पिशवी भरून बाबांच्या पायाशी ठेवत होती आणि आम्ही उठायच्या आत ती रिकामी करून कपाटात. त्यांच्या खोलीतला काटा 16 दाखवत होता. ठाण्यात जानेवारीत बाहेर पहाटे 16 झालं तर पेपरात बातमी येते. आणि मी माझ्या सत्तरीतल्या आई-बाबांना त्यात झोपवत होते, रोज सकाळी विचारून, आणि त्यांचं "नाही" खरं मानून.

आपली माणसं लेकीच्या घरी जाऊन "मला थंडी वाजते" असं म्हणत नाहीत. त्यांना बिल दिसतं. तसं विचारणं म्हणजे विचारणं नव्हेच.

त्या रात्रीच मी सगळ्या मुठी तीनवर केल्या. जागतिक आरोग्य संघटनेने थंडीच्या दिवसांत घरातलं तापमान किमान 18 अंश असावं असं सांगितलंय, म्हाताऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी त्याहून थोडं जास्त. हे मी नंतर वाचलं. पण त्यासाठी वाचायची गरज नव्हती, आईच्या हाताला हात लावायचा होता.

भिंतीचीही एक गोष्ट आहे. डिसेंबरात त्याच उत्तरेच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी निघाली. बुरशी आपल्याला नवी नाही. ठाण्यात जुलैमध्ये चामड्याच्या चपलांवर ती पांढरी चढते, कपाटातल्या साड्यांना वास येतो. पण इथे हवाच ओली असते. तिथे हवेतला ओलावा आपण घरातच तयार करतो: भात, कुकरच्या शिट्ट्या, दोरीवरचे कपडे, चार माणसांचा श्वास. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसं ते गार भिंतीवर बसतं. दिसत नाही, पण बुरशीला पुरतं. म्हणून तिथे दिवसातून तीन-चार वेळा खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडून वारा खेळवायचा आणि लगेच बंद करायच्या. फट ठेवून बसायचं नाही, त्याने हवा फारशी बदलत नाही आणि भिंत मात्र गार होते. घरातली आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांत राहिली पाहिजे. जाड विटांची भिंत सप्टेंबरअखेरपर्यंत उन्हाळा धरून ठेवते, आणि मग चार-पाच थंड रात्रींत सोडते. एकदा गारठली की तिला परत तापवायला दिवसच्या दिवस लागतात. मोसमाच्या सुरुवातीला हात आखडता घेऊन आम्ही जे वाचवलं, त्याहून जास्त ती भिंत खरवडून रंगवण्यात गेलं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्या याच इमारतीत वाढल्या. पूर्व जर्मनीच्या काळात तिथे प्रत्येक खोलीत फरशांची उंच शेगडी होती आणि तिच्यात तपकिरी कोळशाच्या विटा जाळायच्या. तो कोळसा तळघरातून बादलीने वर आणायचं काम त्यांचं होतं, जसं बंबाचं काम आमच्या आईचं. तळघरातल्या आमच्या कप्प्याच्या भिंती अजून काळ्या आहेत, कितीही पुसा, हाताला काजळी लागते. पहिल्या ओळखीतच त्यांनी मला विचारलं होतं, घरात लहान मूल आहे ना, मग तारीख कसली पाहता? तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं होतं. 2022 नंतर त्यांची आणि आईची ओळख करून दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आईने हाताने बंबाची आकृती काढून दाखवली, त्यांनी शेगडीची, आणि मग दोघी बराच वेळ चहा पीत बसल्या.

तेव्हापासून आमच्या घरात तारीख नाही. ज्या दिवशी घरातल्या एकाला, कोणालाही, थंडी वाजेल त्या दिवशी बंब पेटतो. आणि "वाजते का" असं विचारायचं नाही, हात लावून बघायचं.

तर आज. नवरा पडद्यावर काटा दाखवतोय, 18.4. बाहेर 9. भिंतीला हात लावून म्हणतोय, "अजून तेवढी गार नाही वाटत. वीकेंडला ऊन आहे म्हणे. दोन दिवस थांबू का?" मीही विचारात पडले. तेवढ्यात आईने माझ्या हातातून फोन घेतला.

"बाळ कुठे आहे?"

लेक आली. "मला नाही वाजत थंडी, आजी."

"तुला नाही विचारलं. जावईबापू, तिच्या पायाला हात लावा जरा. मोजा काढून."

नवरा वाकला. क्षणभर काहीच बोलला नाही. "गार आहेत," म्हणाला.

"मग विचारताय काय? पेटवा बंब."

आधी लेकीच्या खोलीतली मूठ, तीनवर. थोडा वेळ शांतता, मग आत गुडगुड सुरू झाली. उन्हाळाभर पाइपात हवा साठते, ती सोडल्याशिवाय गरम पाणी वरपर्यंत चढत नाही. लेक धावत जाऊन ड्रॉवरमधली छोटी चावी घेऊन आली, खाली कप धरला, चावी अर्धा फेरा फिरवली. हे काम आता तिचं आहे.

आईला काही ऐकू येईना. बाबा डोळ्यावर पट्टी बांधून पलंगावर आडवे होते, तेही मान उचलून विचारत होते, "वाफ सोडतंय का?" आईने फोन कानाला लावला, मग माझ्याकडे बघून हात हलवला, "तो पंखा बंद कर आधी."

मी बंद केला. घामाने भिजलेले आम्ही तिघं त्या फोनभोवती गप्प बसलो. तिकडे हवा सुस्स करत बाहेर येत होती, मग कपात पाण्याचा पहिला थेंब वाजला.