आमची घरची शाळा: आधी स्नोमॅन, मग भोपळा

खरं सांगायचं तर होमस्कूलिंग वगैरे आम्ही काही ठरवून केलं नाही. मार्च 2020 ला सगळं बंद झालं तेव्हा थोरली पाच वर्षांची होती आणि धाकटा दोनचा, त्यात 3 जूनला निसर्ग वादळ आलं. आम्ही नागावला राहतो, अलिबागच्या पुढे, समुद्र चालत दहा मिनिटांवर, नारळ-सुपारीची वाडी आहे. वारा पडल्यावर ओटीवर येऊन बघितलं तर मागची विहीर दिसत होती, आणि ती ओटीवरून कधीच दिसायची नाही कारण मध्ये पोफळी उभ्या असायच्या, त्या सगळ्या आडव्या झाल्या होत्या. पुढे किती दिवस लाईट नाही, नेट नाही, तर ऑनलाइन बालवाडी कसली न् काय. थोरली रोज वाडीत जाऊन पडलेली झाडं मोजायची आणि वीसच्या पुढे घोळ घालायची. मग सासूबाईंनी तिला सांगितलं, दहा झाडं झाली की एक खडा ठेव. शेवटी चौदा खडे आणि वर तीन झाडं. मला येऊन म्हणाली, "आई, एकशे त्रेचाळीस." नवरा तिथेच खाली बसला, त्याला तो आकडा ऐकवेना, आणि मला मात्र कुठेतरी वाटलं की अरे, हे हिला दशक-एकक कुणी न शिकवताच आलं की.

तिथून किडा डोक्यात शिरला. पुढच्या वर्षीही शाळा बंदच होत्या, म्हणून म्हटलं घरीच नीट करूया. पुण्याच्या मैत्रिणीनं मोठी पीडीएफ पाठवली, परदेशातल्या कुठल्यातरी आईनं बनवलेली, दर आठवड्याला एक पुस्तक आणि त्याच पुस्तकावर सगळं, म्हणजे गणित, चित्रकला, स्वयंपाक, बाहेरचे खेळ. कल्पना मला फार आवडली, अजूनही आवडते. मी उत्साहानं प्रिंटआऊट काढले, लॅमिनेट केले, भिंतीवर टाइमटेबल लावलं, साडेनऊ ते साडेबारा.

ऑक्टोबर आला. पुस्तकात लाल-पिवळी पानं गळतायत, सफरचंदं तोडतायत, आणि आमच्याकडे बाहेर ऑक्टोबर हीट, लोक भातकापणीत आणि मी घामाघूम होऊन पोरांना केशरी कागदाची पानं कापायला लावतेय. जानेवारीत स्नोमॅन. कापूस चिकटवायचा होता, तो धाकट्यानं नाकात घातला आणि अर्धा दिवस त्यातच गेला. थोरलीनं विचारलं, "तो बर्फाचाच गोळा आहे ना, मग त्याच्यावर कालाखट्टा घालून का नाही खात?" मी काहीतरी उत्तर दिलं पण मलाच हसू आलं. आमच्याकडे पानं गळतात ती फेब्रुवारी-मार्चला, काटेसावर अख्खी उघडी होते आणि फुलते. ते समोर दिसत असताना मी ऑक्टोबरात पानं कापत होते! म्हणजे चूक त्या बाईची नाही, तिच्या गावात तेव्हा तसंच असणार, चूक माझी.

सासूबाई हे सगळं बघत होत्या, बोलत काही नव्हत्या. जूनमध्ये म्हणाल्या, "अगं मृग निघाला, आधी भोपळा लाव, पुस्तकं नंतर वाच." मी म्हटलं ठीक आहे, आणि टाइमटेबल काढून तिथे कालनिर्णय लावलं. तेव्हापासून आमचं उलटं सुरू झालं, आधी बाहेर काय चाललंय ते बघायचं आणि मग त्याला जुळणारं पुस्तक शोधायचं. पुस्तकं अलिबागच्या वाचनालयातून, शिवाय प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत, आणि 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंकही ऑनलाइन वाचता येतात. पैसे फारसे लागले नाहीत. लॅमिनेशन मशीन मात्र पडूनच आहे, कुणाला हवं असेल तर घेऊन जा.

तर भोपळा. गोष्ट तीच, म्हातारी लेकीकडे जाते, वाटेत वाघ भेटतो, मग भोपळ्यात बसून परत, आपण सगळ्यांनी ऐकलेली. लाल भोपळ्याच्या बिया शेणखत घालून जुन्या गोठ्याच्या कडेला लावल्या, वेल छपरावर चढला, फुलं आली आणि एकेक करून गळायला लागली. थोरली रडकुंडीला आली, तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. मग नीट बघितलं तर काही फुलांच्या मागे नुसता दांडा आणि काहींच्या मागे छोटासा, लाडवाएवढा हिरवा गोळा. दांड्याची ती नर, गोळ्याची ती मादी. सकाळी लवकर नर फूल तोडून त्याचा पिवळा परागकण मादी फुलात लावायचा, हे काम तिनं आठवडाभर छत्री घेऊन केलं, पावसात भुंगे-माश्या कमी फिरतात ना. उरलेल्या नर फुलांची भजी. आठ-दहा फुलांवर हात फिरवला त्यातले तीन भोपळे धरले, बाकी गोळे पिवळे पडून गळाले, म्हणजे सगळं यशस्वी वगैरे नाही.

दर रविवारी सुतळीनं भोपळ्याचा घेर मोजायचा आणि ती सुतळी कापून तारीख लिहून भिंतीला टांगायची. भिंतीवर सुतळ्या लांब लांब होत गेल्या, तो आमचा आलेख. सर्वात मोठा भोपळा काढल्यावर दोघांचं म्हणणं की तो टुणूक टुणूक जातो का बघायचं. मी नको म्हणत असताना नवऱ्यानंच तो बांधाच्या उतारावरून सोडला. तीन वेळा उडाला आणि पायरीवर आपटून फुटला. धाकटा घाबरून बघत राहिला, आत म्हातारी नव्हती. त्या दिवशी घारगे झाले आणि बिया धुऊन राखेत घोळवून ठेवल्या, त्या पुढच्या वर्षाला.

पावसाचं पुस्तक घेतलं तेव्हा बाटलीचं पर्जन्यमापक केलं. पहिल्या दिवशी आमच्याकडे तीनशे मिलिमीटर पाऊस! बातम्यांत तर अलिबागला साठ-सत्तर. बघतो तर धाकट्यानं बाटली पागोळ्यांखाली ठेवलेली, छपराचं सगळं पाणी त्यात. मग मोकळ्यावर ठेवली तरी आकडा चुकत होता, कारण कोल्ड्रिंकच्या बाटलीचा तळ वेडावाकडा असतो, सरळ भिंतीचं भांडं लागतं. शेवटी प्लास्टिकची बरणी घेतली. बरणी रुंद असो की अरुंद, आकडा तोच कसा येतो हे पोरीला पटेना, मग अंगणात एक सरळ कडेची वाटी आणि एक सरळ पातेलं शेजारी ठेवलं, पातेल्यात पाणी कितीतरी जास्त पण पट्टी बुडवली की उंची जवळजवळ तेवढीच. मलाही हे शाळेत कुणी असं दाखवलं नव्हतं, नुसतं पाठ केलेलं.

सुगरणीचं तर मी विसरूच शकत नाही. सालिम अलींनी 1930 साली किहीमला राहून या पक्ष्यांचा अभ्यास केला होता, किहीम आमच्यापासून वीसेक किलोमीटर, म्हणून पोरांना मुद्दाम तिकडे नेलं, तिथे त्या दिवशी एक घरटं दिसलं नाही आणि परत आलो तर चौलच्या रस्त्यावर एका विहिरीवरच्या माडाला पंधरा-वीस लटकलेली. असं होतं बघा. दुर्बीण नव्हती, फोनचा झूम. पिवळ्या डोक्याचा नर विणतोय, अर्धं झालं की हेल्मेटसारखं दिसतं, तेवढ्यावर मादी येऊन बघून जाते, पसंत पडलं तर तो पुढे नळी विणतो, नाही पडलं तर ते तसंच लटकत राहतं आणि तो दुसरं घेतो. आपण बहिणाबाईंच्या कवितेमुळे लहानपणापासून सुगरणीचं कौतुक करतो आणि विणणारा बाप्या! सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग नाव बाईचं कसं पडलं, एवढं तरी बाईच्या नावावर असू दे." घरी येऊन नारळाच्या पातीच्या बारीक चिरफळ्या काढून आम्ही विणायला बसलो, दोन तासांत एक धड गाठ जमली नाही. मग शेजारच्या काकूंनी झाप, म्हणजे माडाच्या पातीची चटई, विणायला शिकवला, तो मात्र थोरलीला जमला, वाकडा पण जमला.

आता भरतीची फजिती. सासूबाईंचं जुनं गणित, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थीला चार पाऊणे तीन, तीन वाजता भरती, आणि त्यापुढे सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, मलाच येत नव्हती, आम्ही तिघं एकत्र शिकलो. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाता येतो, शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये बांधायला घेतलेला, म्हणून किल्ल्याचं पुस्तक घेतलं आणि थोरलीनं स्वतः दिवस काढला: अष्टमी, आठ पाऊणे सहा, सहाला भरती, बाराला ओहोटी, रविवार पण आहे. डबे घेऊन बाराला किनाऱ्यावर हजर. पाणी होतंच! मध्ये चांगलं कमरेएवढं. ती रडायला लागली, गणित बरोबर होतं तरी असं कसं. घोडागाडीवाले काका हसून म्हणाले, "बाय, आज भांग आहे, अष्टमीला पाणी चढत पण नाय नि उतरत पण नाय. पुनवेच्या पुढं ये."

घरी येऊन लिंबू, संत्रं आणि टॉर्च घेऊन बसलो. अमावस्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत ओढतात तेव्हा उधाण, अष्टमीला काटकोनात म्हणून भांगाची भरती, हे मी कधीतरी परीक्षेत लिहिलेलं, चित्रासकट, मार्कही मिळालेले असणार. आणि किनाऱ्यावर डबा घेऊन उभी राहीपर्यंत मला त्याचा अर्थ कळला नव्हता. पुढे कृष्ण तृतीयेला गेलो, तीन पाऊणे सव्वादोन, साडेआठला सकाळी ओहोटी, पाय जेमतेम ओले झाले. आतल्या विहिरीचं पाणी गोडं आहे हे धाकट्याला कुणी सांगून पटेना, चारी बाजूंनी खारं असताना मध्येच गोडं कसं. परत येताना अलिबागची चुंबकीय वेधशाळा दाखवली, बाहेरूनच. मुंबईत ट्राम विजेवर चालायला लागणार, त्यानं चुंबकाची मोजमापं बिघडतील म्हणून 1904 मध्ये ती इकडे आणली, इमारतीत लोखंड वापरलं नाही. घरी होकायंत्र, लोहचुंबक, कात्री सगळं चार दिवस चाललं.

थंडीत पोपटी, आमच्याकडचा मडक्यात भाजायचा पदार्थ. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ, ओवा, पाण्याचा थेंब नाही, तोंडाला परत पाला कोंबून मडकं उपडं आणि भोवती जाळ. शिजलं का ते मडक्यावर पाणी शिंपडून आवाजावरून ओळखायचं. त्याला पुस्तक मिळालं नाही, म्हणून पोरांनीच चार पानांचं केलं, "पोपठी" असं शीर्षक आहे, मी सुधारलं नाही.

आता जे जमलं नाही तेही लिहिते. धाकटा सात वर्षांचा होईपर्यंत वाचत नव्हता. लोक विचारायचे, "काय गो, पोरांना शाळेत नाय पाठवत?" आणि मी वरवर हसायचे, रात्री झोप यायची नाही. अक्षरं ओळखायचा पण जोडून वाचायला सांगितलं की पोटात दुखायचं. एक दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर उभा राहून ओरडला, "संकष्टी!" मोदक कधी होणार ते तो रोज बघायचा त्यातून. मी चार महिने कमळ-बदक करत बसलेले आणि हा जोडाक्षरातून सुरू झाला.

कागदपत्रांचं म्हणाल तर होमस्कूलिंगसाठी आपल्याकडे वेगळा असा कायदा नाही, शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाला आहे. शाळाबाह्य मुलांच्या सर्व्हेला जिल्हा परिषद शाळेच्या बाई घरी आल्या तेव्हा मी जाम घाबरले होते, त्या मात्र तासभर सुतळ्या बघत बसल्या आणि जाताना एवढंच म्हणाल्या की जन्मदाखला आणि आधार नीट ठेवा, नि वाटेल तेव्हा वयाप्रमाणे वर्गात बसवता येतं, दाखला नाही म्हणून शाळा अडवू शकत नाही. ते खरं निघालं. 2024 मध्ये थोरलीनंच सांगितलं की मला मैत्रिणी हव्यात, शाळेत जायचंय. मला आत कुठेतरी लागलं, पण तिचं बरोबर होतं, घरात दोघंच किती खेळणार. चौथीत घेतलं. पहिले दोन महिने पेपर पूर्ण व्हायचे नाहीत, घड्याळ लावून लिहायची सवयच नव्हती, आणि पाढे ती खडे मोजल्यासारखे विचार करत म्हणते. आता ठीक आहे.

धाकटा अजून घरीच. यंदा बियांचा डबा उंदरानं फोडला, एक बी शिल्लक नाही, काकूंकडे मागून आणायच्यात मृगाच्या आधी. आणि गोठ्याचं छप्पर या वर्षी वेल पेलेल असं नवऱ्याला वाटत नाही, त्यावरून सकाळपासून आमचं चाललंय.