तुम्ही विचारलंत म्हणून: 'बॅटमॅन निंजा'वर एवढा राग का?

प्रश्न साधारण असा येतो: "तुम्हाला अ‍ॅनिमे आवडतं, बॅटमॅन तर जीव की प्राण. मग दोन्ही एकत्र मिळाल्यावर 'बॅटमॅन निंजा'च्या नावाने बोटं का मोडता?" भाचरं विचारतात, ऑफिसातली मुलं विचारतात. 2025 साली याकुझावाला (म्हणजे जपानी गुंडटोळ्यांचा) दुसरा भाग आल्यापासून तर जरा जास्तच. दर वेळी मी "जाऊ दे रे" म्हणून सटकते. आज एकदा सविस्तर लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवली की झालं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2018 सालचा हा जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून पिक्चर, लांबी 85 मिनिटं. अर्कम या वेड्यांच्या इस्पितळात ग्रॉड नावाचा महाबुद्धिमान गोरिला एक यंत्र चालू करतो आणि गॉथमची, म्हणजे बॅटमॅनच्या शहराची, निम्मी-अर्धी मंडळी यादवीच्या काळातल्या जपानात जाऊन आदळतात. बॅटमॅन पोचतो तोवर बाकीच्यांना तिथे येऊन दोन वर्षं झालेली असतात. तेवढ्या वेळात खलनायकांनी एकेक प्रांत बळकावून किल्ले बांधलेत, पदरी सैन्य बाळगलंय, आणि सगळ्यांत मोठा सरदार अर्थातच जोकर.

कल्पना वेडी आहे, पण कॉमिक्समध्ये याहून वेडी कल्पना दर आठवड्याला येते. आणि हे करणारी माणसं ऐरीगैरी नव्हती. पात्रांची रेखाटनं 'आफ्रो सामुराय'वाल्या ताकाशी ओकाझाकींची. पटकथा काझुकी नाकाशिमांची, म्हणजे 'गुरेन लागान' आणि 'किल ला किल' लिहिणारा माणूस. दिग्दर्शक जुनपेई मिझुसाकी आणि त्यांचा कामिकाझे दोगा हा स्टुडिओ. 'जोजो' या अ‍ॅनिमे मालिकेची ती गाजलेली ओपनिंगं, म्हणजे सुरुवातीची शीर्षकगीतं, त्यांनीच केलेली. बॅटमॅनचा जपानी आवाज कोइची यामादेरांचा. 'काऊबॉय बिबॉप' या मालिकेतला त्यांचाच स्पाइक ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. असा संच जमल्यावर अपेक्षा ठेवू नका म्हणणं म्हणजे जुलूमच.

आता रागाचं कारण. पिक्चर वाईट आहे म्हणून राग नाही. वाईट पिक्चर मी ढिगाने बघते आणि विसरते. हा पिक्चर पहिल्या अर्ध्या तासात बॅटमॅनबद्दल एक फार चांगला प्रश्न विचारतो आणि मग त्याचं उत्तर द्यायचं सोडून पळून जातो.

तो प्रश्न असा येतो. बॅटमॅनचा बटलर आल्फ्रेडही त्या काळात येऊन पडलाय आणि सोबत बॅटमोबील, म्हणजे बॅटमॅनची गाडी, आहे. बॅटमॅन जोकरच्या किल्ल्यावर ती घेऊन धडकतो. गाडी निकामी झाली की तिच्यातून विमान, विमान गेलं की मोटरसायकल, ती गेली की अंगावरचं चिलखत, असं एकेक साल निघत जातं. किल्ला उभा राहून चालायला लागतो, आणि शेवटी बॅटमॅनजवळ काहीच शिल्लक राहत नाही. पाठीशी ना पैसा, ना प्रयोगशाळा. गॉथम तर कितीतरी शतकं लांब. आजवर मी यंत्रांच्या जोरावरच लढत होतो की काय, अशी शंका त्याची त्यालाच येते.

वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, बॅटमॅनवरचा सगळ्यांत जुना टोमणा हाच: "त्याची शक्ती कुठली? पैसा." इथे पैसा काढून घेतलाय. पुढे त्याला हिदाच्या डोंगरातलं वटवाघळाचं चिन्ह मिरवणारं निंजांचं घराणं भेटतं. म्हणजे अंधार, शिस्त, फसवणूक आणि हाताशी असेल ते हत्यार एवढ्यावर जगणारी माणसं. बॅटमॅनला शिकवायला याहून चांगले गुरू कुठून आणणार? मी सावरून बसले.

आणि पुढे काय? शिकवणी उरकून घेतल्यासारखी उरकते. शेवटच्या लढाईत सगळ्या खलनायकांचे किल्ले एकमेकांना जोडून एक महाकाय यंत्रमानव तयार होतो. त्याच्याशी भिडायला बॅटमॅनचा पोरगेला साथीदार रॉबिन, त्याच्या बासरीवर हजारो माकडं एकत्र येऊन एक प्रचंड माकड बनतं, त्यावर वटवाघळांचे थवे चढतात आणि त्याचा होतो अवाढव्य बॅटमॅन. यंत्रांशिवाय तू कोण, या प्रश्नाचं उत्तर काय तर आणखी मोठं यंत्र, फक्त यावेळी माकडांचं.

इथे लोक हमखास म्हणतात, "अहो, तुम्हाला यंत्रमानवांचंच वावडं दिसतंय." मुळीच नाही. तोएई कंपनीने 1978 साली जपानी टीव्हीसाठी स्पायडरमॅन केला, तेव्हा त्यालाही लिओपार्डन नावाचा यंत्रमानव दिला होता. आपला कोळी, आणि लढायला भला थोरला रोबो! तो मी आजही मिटक्या मारत बघते. कारण ती मालिका पहिल्या भागापासून सांगते की मी अशीच आहे, मला मुलांची खेळणी विकायची आहेत. पुढच्याच वर्षी तोएईच्या सेंताई (रंगीबेरंगी वीरांच्या टोळीच्या) मालिकांत यंत्रमानव आला तो त्याच पायंड्याने, आणि 'पॉवर रेंजर्स'वर वाढलेल्या आपल्या पिढीने त्याचं फळ खाल्लंय. नाकाशिमांच्याच 'गुरेन लागान'मध्ये तर यंत्रमानव आकाशगंगा भिरकावतात. पण तिथे सत्तावीस भाग आहेत, आठव्या भागातला एका लाडक्या पात्राच्या मृत्यूचा घाव आहे, आणि मोठं होत जाणं हाच गोष्टीचा विषय आहे. इथे मोठेपणा हा विषयच नव्हता, छोटं होणं हा विषय होता.

दुसरी तक्रार जपानबद्दलची. जोकर स्वतःला सहाव्या स्वर्गाचा असुरराज म्हणवतो. ही बिरुदावली त्या यादवीतल्या बलाढ्य सरदाराची, ओदा नोबुनागाची. डेथस्ट्रोक या खलनायकाला उत्तरेकडचा मुत्सु प्रांत दिलाय. तिकडचाच दाते मासामुने हा इतिहासातला नावाजलेला एकाक्ष सरदार, आणि डेथस्ट्रोकलाही एकच डोळा. क्या बात है! हे कुणाला तरी सुचलं, कुणीतरी अभ्यास केला, हे दिसतं. पण ते तिथेच थांबतं. नोबुनागा 1582 साली होन्नोजी मंदिरात स्वतःच्याच सरदाराच्या, आकेची मित्सुहिदेच्या, दग्याने संपला. मग जोकरला नोबुनागा केलंत तर त्याचा मित्सुहिदे कोण? जोकरची जोडीदारीण हार्ली का नको? तिची सगळी कहाणीच जोकरपासून सुटण्याची आहे. हा धागा कुणी ओढलाच नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये फेटा बांधला आणि काजळाने मिशी काढली की मावळा तयार होतो, तसे हे सगळे चिलखतं चढवून जपानी झालेत. बॅटमॅन ख्रिस्ती मिशनऱ्याचा वेष घेतो तेव्हा डोक्यावर हजामत केलेला भाग वटवाघळाच्या आकाराचा असतो. मी हसले, खोटं कशाला बोलू. पण 85 मिनिटं नुसत्या अशाच गमती.

माझा संशय असा की हे ओपनिंगवाल्यांचं दुखणं आहे. ओपनिंग दीड मिनिटाचं असतं. त्यात प्रत्येक चौकट डोळे दिपवणारी लागते आणि एकीचा दुसरीशी संबंध असला नसला तरी गाणं सगळं सांधून घेतं. कामिकाझे दोगाचा त्यात हात धरणारं कुणी नाही. पण 85 मिनिटं म्हणजे साधारण सत्तावन्न ओपनिंगं झाली, एकापाठोपाठ एक, मध्ये श्वास नाही. सुटी चौकट काढून भिंतीवर लावावी इतकी देखणी. जुन्या जपानी ठसेचित्रांसारख्या लाटा, किमोनोवरची नक्षी, कागदाचा पोत. पिक्चर म्हणून मात्र अर्ध्या तासात डोळे थकतात.

एक अपवाद आहे, आणि त्यामुळेच राग वाढतो. मधेच एका स्फोटात जोकर आणि हार्ली मेले असं सगळ्यांना वाटतं, आणि पडद्याचं रूपच पालटतं. गुळगुळीत संगणकी आकृत्या जाऊन हाताने रंगवल्यासारखी, थरथरत्या रेषांची चित्रं येतात. डोंगरातलं एक शेत. तिथे एक नवरा-बायको माती उकरतायत, झाडं लावतायत. ते जोकर आणि हार्ली आहेत, पण त्यांना काही आठवत नाही. टोपलीसारखी टोपी डोक्यावर ओढलेला एक फिरस्ता भिक्षू त्यांना शोधून काढतो, आणि तो निघतो रेड हूड, म्हणजे जेसन टॉड. 1988 सालच्या कॉमिक्समध्ये याच जोकरने पहारीने बडवून, वर स्फोटात ज्याला मारला, तो दुसरा रॉबिन; कॉमिक्सच्या रिवाजाप्रमाणे पुढे जिवंत होऊन परतलेला. समोर त्याचा मारेकरी, हातात मातीचं ढेकूळ आणि चेहऱ्यावर लहान मुलाचा निरागसपणा. जेसनला त्याला तिथल्या तिथे संपवायचंय. बॅटमॅन आडवा येतो.

बघा, काय हाती लागलं होतं! ज्याला गुन्हा आठवतच नाही त्याला शिक्षा द्यायची का? ज्याचा खून झाला त्याने माफ करावं असं तिसऱ्याने कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि बॅटमॅनचा तो न मारण्याचा नियम जेसनच्या डोळ्याला डोळा भिडवून टिकतो का? हे सगळं तिथे त्या शेतात उभं आहे. पण काही मिनिटांत चित्रं पुन्हा गुळगुळीत होतात, फुलं उमलताच आठवण परत यावी अशी सोय जोकरनेच करून ठेवली होती असं कळतं, आणि आपण माकडांकडे वळतो. जेसनचं काय झालं? काही नाही. तो गर्दीत सामील होतो.

"जपान्यांना बॅटमॅन कळतच नाही" असा निष्कर्ष कुणी काढत असेल तर कृपया नको. जिरो कुवातांनी 1966-67 साली 'शोनेन किंग' या मासिकवजा साप्ताहिकात बॅटमॅनचा मांगा (जपानी कॉमिक) काढला, तो आजही ताजा वाटतो. आपण टीव्हीवर जी नव्वदीतली 'बॅटमॅन'ची कार्टून मालिका बघत मोठे झालो, तिचे कितीतरी भाग जपानी स्टुडिओंनी काढलेले. मिस्टर फ्रीझ या खलनायकाची ती रडवणारी कहाणी स्पेक्ट्रम या जपानी स्टुडिओची. आपला बॅटमॅन आधीपासूनच अर्धा जपानी आहे म्हणा ना.

आणि 2008 सालचा 'गॉथम नाईट' आहेच. जपानी स्टुडिओंनी केलेल्या सहा छोट्या गोष्टी. त्यातली 'वर्किंग थ्रू पेन' बघा, स्टुडिओ फोर डिग्री सीची, दिग्दर्शक तोशियुकी कुबूओका. गोळी लागलेला बॅटमॅन गटारातून वर यायची धडपड करतोय आणि त्याला वेदना सोसायला शिकलो ते दिवस आठवतायत. ते शिक्षण झालंय भारतात. (भारत कुठला ते विचारू नका. फकिरांनी हाकलल्यावर त्याला शिकवणाऱ्या बाईंचं नाव कॅसँड्रा आहे. आमच्या आळीत तरी या नावाच्या कुणी नव्हत्या.) त्याला शरीराचं दुखणं जिंकता येतं, पण दुसरं एक दुखणं काही केल्या जात नाही, हे त्या बाईंना कळतं. शेवटी कचऱ्यात टाकून दिलेल्या बंदुका त्याच्या हाती लागतात आणि तो त्या उराशी गोळा करून बसतो. आल्फ्रेड वरून हात पुढे करतो, पण बंदुका कवटाळल्यामुळे बॅटमॅनला हात देता येत नाही. आईवडील बंदुकीने गेलेला मुलगा, कुशीत बंदुकांचा ढीग. संपलं. जेमतेम दहा-बारा मिनिटं, एकही किल्ला नाही. 'निंजा'ने जो प्रश्न विचारून वाऱ्यावर सोडला, त्याचं उत्तर जपानी हातांनीच दहा वर्षं आधी दिलेलं आहे.

राहिला तुमचा नेहमीचा जोडप्रश्न: जपानी बघावा की इंग्रजी? जपानी. इंग्रजीसाठी संवाद नुसते भाषांतरित केले नाहीत, लिओ चू आणि एरिक गार्सिया यांनी पटकथाच नव्याने लिहिली, त्यामुळे त्याच चित्रांवर वेगळाच पिक्चर ऐकू येतो. जपानीत निदान सगळे बेंबीच्या देठापासून, गांभीर्याने ओरडतात, आणि या वेडेपणाला तेच शोभतं. दुसऱ्या भागात जस्टिस लीगची (बॅटमॅनच्या सुपरहिरो साथीदारांच्या टोळीची) माणसं याकुझा होऊन येतात. तो मला पहिल्यापेक्षा सुसह्य वाटला, कारण त्याने सुरुवातीला कसला प्रश्नच विचारला नाही.

तर बघायचा असेल तर असा बघा: सुरुवातीपासून बॅटमोबील संपेपर्यंत, मग उडी मारून थेट शेतावर. शेतातली चित्रं गुळगुळीत व्हायला लागली की बंद करा आणि 'गॉथम नाईट' लावा. माकडं बघायचीच असतील तर मुलांना सोबत घ्या, त्यांना आवडतात. माझ्या भाच्याला तर तेवढंच आवडलं.