वीस तासांचा हिशेब

आजचा दिवस अमेरिकी कॉलेजांतल्या खेळाडूंची वेळापत्रकं तपासण्यात गेला. पालकांनो, एवढं वाचाच.

एनसीएए म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था. तिच्या नियमाने हंगामात सराव आठवड्याला २० तास, दिवसाला ४ तास आणि एक दिवस सुट्टी. ऐकायला सोपं. पण सामन्याचा अख्खा दिवस ३ तासच धरतात. प्रवास आणि दुखापतीवरचे उपचार मोजतच नाहीत. गुरुवारी दुपारी बस निघाली की शुक्रवारचं प्रॅक्टिकल बुडालंच! म्हणून प्रयोगशाळेचे विषय हंगाम नसलेल्या सत्रात घ्यावेत.

खरी मेख पुढे आहे. डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात, दर सत्राला किमान ६ क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर पदवीसाठी जमा होणारे एकक) मिळवावे लागतात. तिसरं वर्ष सुरू होताना पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, चौथ्याला ६० टक्के. मधेच मुख्य विषय बदलला तर जुने बरेच क्रेडिट नव्या पदवीत बसत नाहीत, टक्का घसरतो आणि उत्तम खेळणारं पोर बाहेर बसतं. फार जीव तुटतो हो.

इथून टेनिस, पोहण्यासाठी जाणाऱ्यांनी नववीपासूनच्या गुणपत्रिका जपून ठेवा. पात्रतेचे १६ कोर कोर्स (इंग्रजी, गणित, विज्ञान यांसारखे शालेय विषय) तिथूनच मोजतात.