खाली बसून लाथ

मावसभाऊ आणि मी फायटिंग गेम खेळायला बसलो की तिसऱ्या-चौथ्या फेरीला त्याचा कंट्रोलर खाली आपटलाच म्हणून समजा. "सारखी तीच लाथ! दुसरं काही येतं की नाही तुला?"

येत नव्हतं, हे खरं. पण गरजही पडत नव्हती. खालचं बटण दाबून धरायचं, लाथ हाणायची, समोरचा आडवा. तो उठेपर्यंत वाट बघायची, उठला की पुन्हा लाथ. भाऊ याला रडीचा डाव म्हणायचा. खोलीत रडत कोण असायचं, ते सोडा.

तसं बघितलं तर हे वळण आम्हाला गेमनेच लावलं. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' मध्ये ब्लांका नावाच्या पात्राच्या अंगातून वीज काढायची तर ठोशाचं एकच बटण भराभर बडवायचं. त्यातल्याच होंडा या पात्राच्या चापटांचा सपाटाही तसाच. बडवणं हेच जिथे कौशल्य, तिथे माझ्या गरीब लाथेलाच का नावं ठेवायची?

काही गेम मात्र हिशेब ठेवतात. 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' तुमचे लागलेले शेवटचे ९ फटके लक्षात ठेवतो. तोच तो फटका मारत राहिलात की त्याचा जोर उतरत जातो. चारचौघांत तोच विनोद पुन्हा पुन्हा सांगणाऱ्याचं होतं, तसंच. मला हा नियम अजिबात आवडत नाही.

आमच्या गेममध्ये असलं काही नव्हतं. होता तो एक साधा उपाय: लाथ उभ्याने अडवली तर लागते, बसून अडवली तर नाही. भावाला हे कळायला अख्खी सुट्टी लागली. एका दुपारी तो नुसता बसला. माझी लाथ त्याच्या हातांवर आदळली, माझा पाय अजून पुढे ताणलेलाच होता, तेवढ्यात त्याने पलटून मला आडवं केलं. उठलो. आता काहीतरी वेगळं करायचं, असं मनात पक्कं ठरवलं. अंगठ्याने लाथ मारली. पुन्हा आडवा. पुन्हा उठलो, पुन्हा लाथ. अंगठा माझं ऐकायलाच तयार नव्हता.

ओळीने तीन फेऱ्या हरल्यावर मी कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणालो, "सारखं काय बसून राहतोस रे? रडीचा डाव आहे हा."