युनिव्हर्सिटीचं कुलूप उलट्या दाराला

२००१ च्या सुरुवातीला डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अमेरिकेतल्या येल युनिव्हर्सिटीला पत्र लिहिलं. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीचे पेशंट लाखांनी होते, त्यांना स्टॅव्हुडिन हे औषध हवं होतं, त्याचं पेटंट येलकडे, आणि मागणं एवढंच की स्वस्त जेनेरिक आणायला आडकाठी करू नका. येलचं उत्तर आलं की लायसन्स ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या औषध कंपनीला एक्स्क्लुझिव, म्हणजे एकट्या तिलाच, दिलंय, तेव्हा काय ते कंपनीला विचारा.

"आता आमच्या हातात काही नाही" हे जे उत्तर आहे ना, ते मला संतापजनक वाटतं, कारण सही करायच्या आधी सगळं त्यांच्याच हातात असतं. आणि हे औषध तरी कुठून आलं, तर जेरोम हॉर्विट्झ यांनी ते १९६६ मध्ये कॅन्सरच्या संशोधनात बनवलं होतं, तिथे उपयोग झाला नाही म्हणून पडून राहिलं, ते एचआयव्हीवर चालतं हे येलच्या विल्यम प्रुसॉफ आणि ताई-शुन लिन यांनी पुढे दाखवलं, आणि या सगळ्या कामात सरकारी ग्रँटचा म्हणजे लोकांचाच पैसा होता. २००१ च्याच फेब्रुवारीत सिप्लाने तीन औषधांचा वर्षभराचा कोर्स डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्सला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली, तीनातलं एक स्टॅव्हुडिनच, आणि ब्रँडेड औषधांचा तोच कोर्स तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर जायचा.

मग येलमधल्याच लॉच्या विद्यार्थिनी एमी कॅपचिन्स्की आणि तिच्या बरोबरच्यांनी हा विषय लावून धरला. खुद्द प्रुसॉफ यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आपलं औषध गरीब पेशंटना मिळावं असं जाहीर सांगितलं, आणि मार्चमध्ये कंपनीने दक्षिण आफ्रिकेत पेटंट वापरून कोणाला अडवणार नाही असं जाहीर केलं. तिथली किंमत जवळपास तीसपट उतरली. हातात काही नव्हतं म्हणे! (स्टॅव्हुडिनचे साइड इफेक्ट पुढे इतके त्रासदायक ठरले की २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते हळूहळू बंद करायला सांगितलं, पण २००१ मध्ये कित्येकांसाठी जगण्याचा रस्ता तोच होता.)

आता दुसरीकडे बघा. ड्यूक युनिव्हर्सिटीत २०१४ मध्ये आठ कॅमेऱ्यांनी कॅम्पसवरच्या माणसांचं शूटिंग झालं, मुद्दाम दोन लेक्चरच्या मधल्या वेळात, कारण तेव्हा वर्दळ जास्त असते. दोन हजारांहून जास्त माणसं, बहुतेक विद्यार्थी, एका वर्गातून दुसऱ्या वर्गात चाललेली. एका कॅमेऱ्यातला माणूस दुसऱ्या कॅमेऱ्यात ओळखता यावा म्हणून हा डेटासेट बनवला आणि २०१६ मध्ये कोणालाही डाउनलोड करता येईल असा ठेवून दिला. युनिव्हर्सिटीच्या एथिक्स कमिटीची परवानगी होती ती बिल्डिंगच्या आतल्या शूटिंगची, आणि डेटा फक्त मागेल त्याला द्यायचा होता, यातलं एकही पाळलं गेलं नाही. जगभरच्या पाळत ठेवणाऱ्या सिस्टीम बनवणाऱ्यांनी तो वापरला, सेन्सटाइम आणि मेग्वीसारख्या चिनी कंपन्यांनीसुद्धा. २०१९ मध्ये बोभाटा झाल्यावर तो काढून टाकला, प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या पेपरात माफी मागितली, पण ज्या कॉपी तोवर बाहेर गेल्या त्या काय परत येणार?

म्हणजे जे औषध सगळ्यांपर्यंत जायला हवं त्याला एक्स्क्लुझिव लायसन्सचं कुलूप, आणि लोकांचे चेहरे, चालण्याची ढब, जे खरं कुलपात हवं ते फुकट डाउनलोडला. मला वाटतं हे दोन वेगळे विषय नाहीतच. दोन्हीकडे युनिव्हर्सिटी असं धरून चालते की संशोधन कॅम्पसच्या बाहेर पडलं की आपली जबाबदारी संपली. फेसबुकने ६,८९,००३ लोकांच्या न्यूजफीडमध्ये फेरफार करून त्यांच्या भावनांवर काय परिणाम होतो ते तपासलं, त्याचा रिसर्च पेपर २०१४ मध्ये आला, त्यात कॉर्नेल युनिव्हर्सिटीचे संशोधकही होते. ओरड झाल्यावर कॉर्नेलचं म्हणणं काय, तर प्रयोग फेसबुकने केला, आमच्या प्राध्यापकांनी फक्त निकाल पाहिले, त्यामुळे आमच्या एथिक्स कमिटीने तपासायची गरजच नव्हती. येलचंच उत्तर की हो हे!

यावर लगेच सांगितलं जातं की एक्स्क्लुझिव दिलं नाही तर कुठलीच कंपनी ट्रायलवर पैसा घालणार नाही. यात तथ्य आहे, ट्रायलचा खर्च अफाट असतो हे मीही मान्य करतो. पण श्रीमंत देशांत एक्स्क्लुझिव द्या आणि बाकी ठिकाणी जेनेरिक मोकळं ठेवा हे एकाच करारात लिहिता येतं ना. जॉन्स हॉपकिन्सने २०१७ मध्ये सुटेझोलिड या टीबीच्या औषधाचं लायसन्स मेडिसिन्स पेटंट पूलला, म्हणजे गरीब देशांसाठी जेनेरिकचा रस्ता मोकळा करणाऱ्या संस्थेला, दिलंच. उलट कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीने काय केलं, तर प्रोस्टेट कॅन्सरच्या एन्झालुटामाइडचं पेटंट भारतात मागितलं, २०१६ मध्ये ते नाकारलं गेलं तरी सोडलं नाही, कोर्टात गेली, आणि त्याच वर्षी त्या औषधाच्या रॉयल्टीचे हक्क एक अब्ज डॉलरहून जास्तीला विकले गेले होते, त्यातला मोठा वाटा युनिव्हर्सिटीचा. एवढं मिळाल्यावरही भारतातल्या पेशंटचं जेनेरिक अडवायला जाणं मला समजूच शकत नाही.

टोरोंटो युनिव्हर्सिटीकडे बघितलं की वेगळं चित्र दिसतं. १९२३ मध्ये बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्सुलिनचं पेटंट एकेका डॉलरला युनिव्हर्सिटीला देऊन टाकलं, दुसऱ्या कोणी त्यावर मक्तेदारी करू नये म्हणून. आणि तिथल्याच सिटिझन लॅब या संशोधन गटाने २०१६ मध्ये अहमद मन्सूर या मानवाधिकार कार्यकर्त्याच्या फोनवर आलेला मेसेज तपासून पेगासस हे फोनवर हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर उघडं पाडलं. पाळतीवरचं संशोधन असंही असतं, पाळत ठेवणाऱ्यांवरच नजर ठेवणारं, आणि ते करायला युनिव्हर्सिटीसारखी जागा दुसरी नाही.

तुम्ही कुठे शिकत असाल, शिकवत असाल, तर टेक ट्रान्सफर ऑफिसला, म्हणजे संशोधनाचे पेटंट आणि लायसन्स बघणाऱ्या ऑफिसला, लेखी विचारा की औषधाच्या लायसन्समध्ये गरीब देशांसाठी काय कलम आहे. कॅमेरे किंवा चेहऱ्यांवर काम चालू असेल तर एथिक्स कमिटीला विचारा की डेटा कोणाकोणाला दिला आणि उद्या तो मागे घ्यायचा झाला तर कोण घेणार. उत्तर आलं नाही तर विद्यार्थ्यांच्या पेपरात छापा, आणि हे सगळं सही व्हायच्या आधी करा.