‘दहा मिनिटांत लोकेशन पाठवतो’: भंडारदऱ्याच्या तंबूचा माझा अनुभव

काजव्यांच्या हंगामात भंडारदऱ्याला तंबूत राहायचे असेल, तर आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी समोरच्या माणसाकडून दोन गोष्टी वदवून घ्याव्यात: तंबू नेमके कोणत्या गावात आहेत आणि ती जमीन कोणाची आहे. ‘लेक टच’, ‘व्ह्यू एकदम भारी’, ‘फॅमिलीसाठी बेस्ट’ ही या प्रश्नाची उत्तरे नव्हेत. आमच्या मध्यस्थाला मी हे विचारले होते आणि ‘निघालात की लोकेशन पाठवतो, मॅडम’ एवढेच त्याने सांगितले होते. त्या लोकेशनची वाट पाहण्यात आमचा अख्खा दिवस कसा गेला, हे सांगण्यासाठीच मुख्यतः मी लिहायला बसले आहे. रात्री जे पाहायला मिळाले त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी त्याला केव्हाच माफ करून टाकले आहे. मी केलेले नाही.

मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे मोठा पाऊस लागण्याआधी, कळसूबाई आणि रतनगडाच्या परिसरातील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे येतात. मुलांना ते दाखवायचे, एवढाच आमचा बेत होता. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंचा मात्र, घरचा पलंग सोडून जमिनीवर झोपण्यासाठी पैसे का मोजायचे, असा रास्त प्रश्न होता. डोंबिवलीहून कसारा घाट, घोटी आणि बारीमार्गे आम्ही दुपारी शेंडीला पोहोचलो. प्रवासाबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

शेंडीच्या चौकातून मध्यस्थाला फोन केला, तेव्हा तो ‘दहा मिनिटांत लोकेशन पाठवतो’ म्हणाला. आम्ही चहा घेतला. १९२६ साली बांधून झालेले धरण दुरून पाहिले, मुलांनी कणसे खाल्ली, पुन्हा चहा झाला. मी पाठवलेल्या संदेशांवर निळ्या खुणा उमटत होत्या, म्हणजे तो ते वाचत होता. उत्तर तेवढे येत नव्हते. चारच्या पुढे एकदाचे लोकेशन आले आणि यजमानांनी ते नकाशावर उघडले, तर ती खूण थेट जलाशयाच्या मधोमध पडलेली! धाकट्याला वाटले की आपला तंबू पाण्यावर तरंगणारा आहे, आणि तो आनंदाने उड्या मारू लागला. त्याची समजूत काढेपर्यंत दुसरे लोकेशन आले, ते मुरशेतच्या बाजूचे.

तो रस्ता एरवी निवांत असेल; काजव्यांच्या दिवसांत शनिवारी दुपारनंतर मात्र त्याची पार दैना होते. अरुंद डांबरी पट्टी, समोरून येणाऱ्या मिनीबस, कडेला आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या आणि त्यात कोणी एकाने मागे घ्यायचे नाही असे ठरवलेले. लोकेशनवरचे ते ठिकाण गाठले, तर फाटकाला कुलूप होते. आतल्या रखवालदाराने आमच्या मध्यस्थाचे नाव ऐकताच हात जोडले, कारण दर शनिवारी त्याच्या नावाने चार गाड्या तिथे येऊन उभ्या राहत होत्या आणि त्या जागेचा त्याच्याशी काहीएक संबंध नव्हता. त्याला जाब विचारायचा, तर फोनला रेंज नाही. रेंजसाठी मागे चढावर यायचे, तर मागे गाड्यांची रांग. शेवटी यजमान पायी वर गेले आणि खाली आले ते बातमी घेऊनच: आपला कॅम्प भरला आहे, परंतु ‘आहे त्याच पैशात अपग्रेड’ मिळणार आहे. फोनवर इतक्या गोड आवाजात फसवणाऱ्या माणसापेक्षा तोंडावर नाही म्हणणारा परवडला, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

दिवेलागणीच्या सुमारास मोटारसायकलवरचा एक मुलगा आम्हाला त्या अपग्रेडकडे घेऊन गेला. जाताजाता सांगते, रोख रक्कम जवळ ठेवा. उरलेले पैसे त्याने तिथल्या तिथे मागितले आणि रेंज नसल्यामुळे फोनवरून पैसे पाठवण्याची सोय नव्हती. सुदैवाने सासूबाईंच्या बटव्यात नोटा होत्या.

अपग्रेड म्हणजे भाताच्या खाचरात दाटीवाटीने ठोकलेले तंबू, चार कोपऱ्यांना हॅलोजनचे दिवे, धडधडणारा जनरेटर आणि छातीत ठोके पडतील एवढ्या आवाजात लावलेली गाणी. काजवे कुठे दिसतात, असे विचारल्यावर मुलाने अंधाराच्या दिशेने हात केला; पण तिथे कुठे अंधारच नव्हता. सासूबाई मूळच्या जुन्नरकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांनी तंबूत पाऊलही टाकले नाही. त्यांनी चारही बाजूंच्या बांधांकडे पाहिले, पश्चिमेकडे आभाळ काळे झाले होते तिकडे पाहिले आणि म्हणाल्या, “ही जागा झोपायची नाही, पेरायची आहे. इथे पाणी साठावे म्हणून बांध घातलेत.” मग कोणाच्या परवानगीची वाट न पाहता त्या रस्त्यापलीकडच्या कौलारू घराकडे चालू लागल्या.

“काय गं बाई, पडवीत घटकाभर टेकू का?” असे त्यांनी विचारले, तेव्हा ती बाई पावसाळ्यासाठीची लाकडे आत रचत होती. “या की आजी, विचारता काय? पोरांना आधी आत घ्या,” ती म्हणाली. आम्ही पडवीत पाय ठेवला आणि वळीव कोसळला. वाऱ्याने कौले वाजत होती. समोरच्या खाचरात तंबूंच्या दोऱ्या सुटल्या, लोक चपला हातात घेऊन गाड्यांकडे पळाले, पाणी बांधाला टेकले. जनरेटर आचके देत बंद पडला, त्याबरोबर हॅलोजन आणि गाणीही थांबली. गावची वीज त्याआधीच गेली होती.

तासाभराने पाऊस थांबला आणि वारा पडला. हवा दमट, अंगाला चिकटणारी होती. त्या घरातला शाळकरी मुलगा आम्हाला परसात घेऊन गेला आणि त्याने पहिली गोष्ट केली ती यजमानांच्या हातातला टॉर्च बंद करण्याची. काजवे प्रकाशाच्या खुणांनीच आपला जोडीदार शोधतात, त्यामुळे टॉर्च किंवा गाडीचे दिवे पडले की त्यांचा सगळा संवाद तुटतो, हे पुस्तकात वाचलेले त्याने ‘बॅटरी लावली की ते गप होतात’ एवढ्यात सांगितले. डोळे सरावले आणि समोरचा सादडा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उजळला, क्षणभर पूर्ण विझला, पुन्हा उजळला. मागची झाडे त्याच्या पाठोपाठ लुकलुकत होती, पण त्यांची लय वेगळी होती. एक काजवा सासूबाईंच्या पदरावर बसला. धाकट्याने त्याच्याजवळ बोट नेले आणि तो गरम लागत नाही म्हणून पुनःपुन्हा खात्री करून घेतली. दिवसभर फोनमधून डोके न काढणारी थोरली मुलगी दोन झाडांमधले अंतर मोजावे तसे त्यांच्या उघडझापीचे आकडे मोजत बसली होती.

रात्री चुलीपुढे नागलीच्या भाकरी आणि हुलग्याची आमटी खाल्ली आणि सारवलेल्या जमिनीवर सगळे ओळीने झोपलो. पलंगाचा विषय कोणी काढला नाही. सकाळी रतनवाडीला जाऊन अमृतेश्वराचे दर्शन घेतले. निघताना त्या बाई पैसे घेईनात, तेव्हा “वह्या घे रे बाळा,” म्हणून सासूबाईंनी ते मुलाच्या हातात कोंबले. मध्यस्थाने आगाऊ रक्कम परत करण्याचे कबूल केले आहे. त्यालाही दहा मिनिटेच लागणार होती.

शनिवार-रविवार टाळावेत, हे सांगायचे राहिले. स्वच्छतागृहाची चौकशीही आधी करावी. सोबत वयस्कर माणूस असेल तर नक्कीच. मुक्काम गावातल्या कोणाच्या घरी थेट ठरवता आला तर उत्तम, मात्र फोन लागला नाही म्हणून लगेच नाद सोडू नये. आमच्या त्या बाईंचा मुलगा संध्याकाळी गुरे आणायला टेकाडावर जातो, तेव्हाच त्याच्या फोनला रेंज येते. म्हणून पुढच्या जूनचे ठरवण्यासाठी सासूबाई त्याला सहाच्या सुमारास फोन लावतात.